कोट जरा उलटा करा

माझा लग्नातला कोट मन लावून पाहिला तो एकट्या मगदूम मॅडमनी, आणि तोही उलटा करून.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. कसलीशी तपासणी समिती येणार होती, म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांना कोट घालून यायचं फर्मान काढलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, त्यात कोट. मी घामाघूम होऊन ग्रंथालयात पुस्तकांची यादी द्यायला गेलो. काउंटरच्या मागे एक बुटक्या, सावळ्या बाई बसल्या होत्या. फिक्या निळ्या रंगाची साधी सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी यादी बाजूला ठेवली, चष्मा चढवला आणि मला खांद्यापासून खाली न्याहाळलं.

"सर, कोट काढा की जरा."

"का हो?"

"काढा तर. खात न्हाई मी."

मी काढला. वीस-पंचवीस पोरं वाचत बसली होती, तीही बघायला लागली. मॅडमनी कोट सरळ उलटा केला, आतल्या अस्तरावरून अंगठा फिरवला, कापड दोन बोटांत धरून कानाशी चुरगळलं.

"चिकटवलंय. शिवलेलं न्हाई. दोन पावसाळे काढंल."

"सगळे म्हणाले, छान दिसतो."

"सगळ्यांनी बाहेरनं बघितला असंल."

कोटाची व्यवस्थित घडी घालून त्यांनी तो परत दिला आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "पुस्तकं सात दिवसांत परत आणायची." मी मूळचा म्हसवडचा. आम्ही माणदेशी माणसं पाण्याच्या बाबतीत काटकसरी असतो, रागाच्या बाबतीत नाही. आठवडाभर मी त्या ग्रंथालयाकडे फिरकलो नाही. पण दुसऱ्या पावसाळ्यात कोटाच्या छातीवर पोळलेल्या कातडीसारखे फोड आले, तेव्हा मुकाट्यानं जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "टाकू नका. कापड चांगलं हाय."

पद्मजा मगदूम हे त्यांचं नाव. घराणं जैन, लग्न केलेलं नाही, नोकरी ग्रंथपालाची. त्यांच्याकडे फक्त आठ साड्या होत्या. गरिबीमुळे नव्हे, आई गेली तेव्हा त्यांनी व्रत घेतलं होतं, आठाच्या वर नववी साडी आपली म्हणायची नाही. सगळ्या सुती. रेशमाला त्यांचा हातही लागायचा नाही, कारण त्यासाठी किडे उकळतात. सहा साड्यांना सहा वार ठरलेले होते, त्यामुळे मॅडमकडे बघून वार सांगता यायचा. एकदा साडी वाळली नाही म्हणून त्या मंगळवारी गुरुवारची नेसून आल्या आणि माझ्या वर्गातला एक मुलगा प्रॅक्टिकलला आलाच नाही. त्याचं प्रॅक्टिकल मंगळवारी असायचं. त्यानं खिडकीतून मॅडमना पाहिलं आणि घरी निघून गेला.

अशा या बाईला जगात सगळ्यात जास्त प्रेम कशाचं होतं, तर पॅरिसच्या कपड्यांचं.

दुकानात टांगलेल्या नव्हे. ज्याला तिकडे ओत कुत्यूर म्हणतात त्यांचं. हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. "एका माणसाच्या अंगासाठी, एकदाच, हातानं शिवलेला कपडा," अशी त्यांची व्याख्या होती. मीडियम, लार्ज असल्या मापांचा त्यांना संताप यायचा. "मीडियम म्हणजे कुणाचं ओ माप? मला एक तरी मीडियम माणूस दाखवा."

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, पॅरिसमध्ये या कपड्यांचे खेळ होतात. आपल्याकडे तेव्हा दुपार असते. त्या आठवड्यात ग्रंथालयाच्या दाराला दुपारी पाटी लागायची : 'मोजणी चालू आहे.' आमच्या कॉलेजातली पुस्तकं इतक्या वेळा का मोजावी लागतात, हा प्रश्न प्राचार्यांना कधी पडला नाही. आतल्या खोलीत संगणकासमोर दोन खुर्च्या. एकीवर मॅडम, दुसरीवर मुबारकभाई. मुबारकभाई ग्रंथालयाचे शिपाई, मिरजेचे. त्यांचे वडील शिंपी होते, आणि स्वतः मुबारकभाईंच्या हातात सुई अशी चालायची की आम्ही सगळे बटणं तुटली की पुस्तक बदलायचं निमित्त काढून जायचो.

एकदा मलाही आत घेतलं. पडद्यावर एक काटकुळी मुलगी जगावर रागावल्यासारखी चालत आली. मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मुबारक, खांदा बघ."

"बघितला, मॅडम. उरेब कापलंय." कापड तिरकं धरून कापणं, त्याला शिंपी उरेब म्हणतात.

"म्हणून असं उतरलं ते. ओढून न्हाई बसवलेलं."

"ह्यो कपडा न्हाई मॅडम, पाणी हाय पाणी."

पहिल्या रांगेत कुणी जगप्रसिद्ध नटी बसली होती. मी नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "कोण का असंना. मधी डोकं घालू नको म्हणावं."

हे सगळं नुसतं बघायचं. विकत घ्यायचं नाही, नेसायचं नाही, हात लावायचा नाही. मी एकदा छेडलं, की आठ साड्यांचं व्रत आणि हे वेड एका घरात कसं राहतं? त्या म्हणाल्या, "बघणं म्हणजे जवळ ठेवणं न्हाई ओ, सर. जवळ ठेवलं की बघणं संपतं. तुमच्या कपाटात किती शर्ट हाईत? त्यातला शेवटचा कवा बघितला तुमी?" मी घरी जाऊन कपाट उघडलं. शर्ट सतरा निघाले. पाच माझ्या ओळखीचेही नव्हते.

मात्र त्या अगदीच बघ्या नव्हत्या. पॅरिसमध्येसुद्धा रेशमाला कात्री लावायच्या आधी अख्खा कपडा साध्या सुती कापडात शिवून बघतात, हे त्यांना कुठल्याशा पुस्तकात सापडलं होतं. "आपला मांजरपाट ओ!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू पॅरिसच आता विश्रामबागेत राहायला आलंय. मग त्यांनी मांजरपाट आणून त्यात ते झगे उतरवायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी पडद्यावरचं चित्र थांबवायचं, बघायचं, कापायचं, शिवायचं. शिवून झालं की उसवायचं आणि तेच कापड पुढच्या झग्याला घ्यायचं. कपडा घालायला अंग नव्हतं, म्हणून त्यांनी प्राणिशास्त्र विभागातला हाडांचा सापळा मागितला. विभागप्रमुखांनी लेखी अर्ज मागितला. मॅडमनी लिहिलं : 'खांदे बघण्यासाठी.' अर्ज मंजूर झाला.

असाच एक झगा त्यांच्या मते फसला. एकाच खांद्यावर तोललेला, मागे हातभर लोळणारा. त्यांनी तो ट्रॅक्टर पुसायला म्हणून भाच्याकडे दिला. भाच्याचं शेत तासगाव रस्त्याला. तिथल्या गड्यानं तो ट्रॅक्टरला न लावता शाळूतल्या बुजगावण्याला चढवला. दोन दिवसांत रस्त्यावर मोटारसायकली थांबायला लागल्या. फोटो फिरत फिरत आमच्या स्टाफरूममध्ये आला : हिरव्यागार शाळूत पॅरिसचा झगा, वर मडक्याचं डोकं. आणि त्या लोळत्या पदरावर ओळीनं बसलेल्या साळुंक्या.

भाच्याचा फोन आला. "आत्या, तुझ्या कपड्याला पाखरं भेत न्हाईत. उलट राहायलाच आलीत."

मॅडमना वाईट वाटेल म्हणून मी आणि मुबारकभाई सोबत गेलो. त्या बांधावर अर्धा तास उभ्या राहिल्या. वारा सुटला, झगा फुगला, बसला, पुन्हा फुगला. आम्ही सांत्वनाचे शब्द जुळवत होतो. तेवढ्यात त्या वळल्या आणि अगदी खुशीत म्हणाल्या, "बघितलं का मुबारक? चूक शिवणीत न्हवतीच. घेरात हाय! सापळा हालत न्हाई, म्हणून कळंना."

एका हिवाळ्यात मी दोघांना सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हसवडला नेलं. आमच्या घरी माझ्या वडिलांनी कौतुकानं ठेवणीतलं घोंगडं काढून मॅडमपुढे अंथरलं. मॅडमनी सवयीनं ते उलटलं. पुन्हा उलटलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"याला उलटी बाजूच न्हाई की ओ!"

वडील म्हणाले, "आवं बाई, थंडीला काय कळतंय उलटं का सुलटं?"

मॅडम मनापासून हसल्या. नंतर बराच वेळ एकेका धाग्यावर बोट ठेवत त्यांनी वडिलांना इतके प्रश्न विचारले, की म्हातारा दमला. निघताना वडिलांनी ते घोंगडं त्यांना देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. वडिलांना राग आला. आमच्यात राग वारशानं येतो. मॅडमनी व्रत समजावून सांगितलं. वडील घोंगड्याची घडी घालत म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या हितंच. बघू वाटलं तर येत जावा." तेव्हापासून फोनवर माझी विचारपूस झाली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला : "ती बघणारी बाई बरी हाय नव्हं?"

इथवर सगळं गमतीचं होतं. पण त्यांच्या मनात एक काटा होता, तो मला फार उशिरा कळला.

जैनांत म्हणे पापाच्या तीन वाटा सांगितल्या आहेत. आपण केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि कुणी केलेलं आवडून घेतलेलं. तिसरीला अनुमोदना म्हणतात. "मी रेशीम नेसत न्हाई, शिवत न्हाई," मॅडम एकदा म्हणाल्या, "पण पडद्यावर तो झगा आला की माझा जीव हरखतो, सर. तवा किडे कुठं आठवतात मला? मग ते आवडून घेतलंच की मी." त्या हसत नव्हत्या. त्यांची खात्री होत चालली होती, की हे वेड सोडावं लागणार. आणि ते सोडलं तर आपल्याकडे काय उरेल, याची त्यांना भीती वाटत होती. आठ साड्यांच्या बाईकडे सोडायला दुसरं काही नव्हतंच.

त्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ चातुर्मासाला सांगलीजवळच्या एका गावात आले. हे भाऊ म्हणजे पूर्वी कापड पेठेतले नावाजलेले कापडवाले. मॅडम सात वर्षांच्या असताना त्यांचे डोळे बांधून, हातात तुकडा देऊन, "सांग, गिरणीचं का मागावरचं?" असं विचारणारे. पुढे त्यांनी दिगंबर मुनीची दीक्षा घेतली. ज्या माणसानं आयुष्यभर कापड मोजलं, त्याच्या अंगावर आता सूतभर कापड नव्हतं. "आमच्या घरात एका टोकाला ते, एका टोकाला मी," मॅडम म्हणायच्या. या भावालाच विचारायचं मॅडमनी ठरवलं. ते सांगतील ते अखेरचं. जुलैतला पॅरिसचा खेळ तेव्हा आठवड्यावर आला होता.

"तुमी चला," त्या मला म्हणाल्या. "मी काय लपवायला लागले तर टोका."

मंदिराच्या मंडपात महाराज, म्हणजे तेच भाऊ, लाकडी पाटावर बसले होते. समोर मोरपिसांची पिंछी. मॅडमनी लांबून नमोस्तु केलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. महाराज डोळे मिटून म्हणाले, "एक सांग. कसला असतोय तो कपडा?"

मॅडमनी जानेवारीतला एक झगा सांगितला. खांदा कसा, कंबर कुठं धरलीय, घेर कुठून सुटतो, चालताना कापड पावलाच्या मागून कसं येतं. चांगली दहा मिनिटं. मी तो झगा पडद्यावर पाहिला होता, पण दिसला मला त्या दिवशी. बोलणं संपलं. मंडपात कबुतरांचा तेवढा आवाज. महाराज हलले नाहीत. मॅडमनी मान खाली घातली.

डोळे न उघडताच महाराज म्हणाले, "आणि अस्तर?"

मॅडमनी दचकून वर पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून लहान बहिणीसारख्या खुदखुदल्या. महाराजांच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग ते गंभीर झाले.

"किडं आठवतात?"

"बघताना न्हाई, महाराज. नंतर आठवतात."

"मग चार महिनं बघू नको. काय उरतंय, ते मला येऊन सांग."

मॅडमनी हात जोडले. नियम घेतला. पण दोन पावलं मागे सरून त्या थांबल्या. "कुणी बघून सांगितलं तर, महाराज?"

महाराजांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. जुन्या कापडवाल्यानं गिऱ्हाईक पारखावं तसं.

"हे सांगणार?"

"व्हय."

"मग सांगू द्या. यांच्या सांगण्यानं कुणाला मोह पडंल, असं काय वाटत न्हाई."

अशा रीतीनं, चाळिशी ओलांडलेला मी, पानांच्या शिरा आणि फुलांच्या पाकळ्या मोजण्यात हयात घालवलेला, जुलैच्या दुपारी मुबारकभाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. मॅडम खोलीच्या दाराबाहेर, खरोखरच पुस्तकं मोजत.

"पहिला पांढरा होता," मी बाहेर येऊन सांगितलं. "लांब होता."

"भातबी पांढरा असतो. पुढं?"

"छान होता."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी परत आत गेलो. तो झगा सात वेळा पाहिला. मग माझ्या डोक्यात आलं, की हे कमळासारखं उलगडत नाही, धोतऱ्याच्या कळीसारखं पिळलेलं आहे. तसं सांगितलं. मॅडमच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "कुठल्या बाजूला पीळ? डाव्या का उजव्या?" मी पुन्हा आत पळालो. मुबारकभाई म्हणाले, "सर, आता तुमी कामातनं गेला."

चार महिने मी सांगत राहिलो आणि त्या ऐकत राहिल्या. नवे खेळ संपले तेव्हा जुने बघून सांगितले. रंगाचं आणि चकाकीचं मला फारसं सांगता यायचं नाही, म्हणून मी जोड कुठे आहे, चुण्या किती, वजन कुठे लोंबतं, एवढंच सांगायचो. दिवाळीत चातुर्मास संपला आणि मॅडम महाराजांना सांगून आल्या : "रेशीम गेलं. शिवण राहिली." महाराजांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. त्यानंतर 'मोजणी चालू आहे' ही पाटी लागली नाही, म्हणजे खरी मोजणी सोडली तर. मॅडमनी ते खेळ पुन्हा पाहिले नाहीत. जानेवारी आला की मीच पाहायचो आणि सांगायला जायचो. मला वाटायचं मी त्यांच्यावर उपकार करतोय.

निवृत्त झाल्यावर एक दिवस त्या घरी आल्या आणि माझा तो फोड आलेला कोट मागून घेऊन गेल्या. तीन आठवड्यांनी परत आणला. फोड गेले होते. आत मांजरपाटाचं अस्तर होतं, हातानं शिवलेलं, टाका असा बारीक की चष्मा लावूनही शोधावा लागावा. माझा उजवा खांदा किंचित खाली आहे, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं. त्या कोटाला ठाऊक होतं. मी आरशात पाहत होतो, तेव्हा मागून त्यांनी सांगितलं, की पुढच्या महिन्यात त्या दीक्षा घेतायत.

मी भांडलो. खरंच भांडलो. मला एवढं बघायला लावलंत आणि आता तुम्हीच निघून जाणार, असं काहीबाही ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता तुमाला दिसतंय नव्हं? मग झालं की." जाताना त्यांनी आठ साड्या वाटल्या. मंगळवारची माझ्या बायकोला आली. ती साडी ती मंगळवारीच नेसते.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. गेल्या जानेवारीत मुलीकडे पुण्याला निघालो होतो. गाडीत गार वारा लागतो म्हणून तो कोट अंगात होता. शिरवळला चहाला थांबलो, तर रस्त्यापलीकडे एका कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत पांढऱ्या साडीतल्या चार-पाच साध्वी पायी प्रवासात विसावल्या होत्या. त्यातली बुटकी आकृती मी लगेच ओळखली. रस्ता ओलांडून गेलो आणि "मॅडम" म्हणालो. सोबतच्या एका बाईंनी हळूच दुरुस्त केलं, "माताजी म्हणा." मी लांबून वंदन केलं. डोक्यावरून घेतलेली पांढरी साडी, काखेत पिंछी, पायाला धूळ. चष्मा तोच. पॅरिसला नुकताच खेळ झाला होता आणि मी सगळा पाहिला होता, पण ते आता सांगावं की नाही, हे कळेना.

त्यांनी मला खांद्यापासून खाली न्याहाळलं.

"सर, कोट काढा की जरा."

हायवेच्या कडेला, दोन ट्रकवाले बघत असताना, मी कोट काढला, उलटा केला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. त्या चार हात लांबच राहिल्या. हात पुढे केला नाही. नुसतं पाहिलं.

"डाव्या बगलेखाली तिसरा टाका ढिला हाय."

"तुमचाच आहे तो."

"म्हणून तर सांगते. मुबारककडनं घट्ट करून घ्या."

मग सगळ्या उठल्या आणि पुण्याच्या दिशेनं चालू लागल्या. मी कोट उलटाच अंगात घालून चहाच्या टपरीकडे आलो, ते टपरीवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

परवा तो टाका घट्ट करायला मुबारकभाई सुईदोरा घेऊन घरी आले होते. मी त्यांना चहा पाजला, पोह्यांचा आग्रह केला, म्हसवडच्या, मिरजेच्या गप्पा मारल्या. कोट काही बाहेर काढला नाही.